पहाणीची पाहणी

आमच्या आळंद तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी लोखंडी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला एक कागद हमखास सापडतो. त्यास आम्ही पहाणी म्हणतो. पलीकडे अक्कलकोटच्या किंवा उमरग्याच्या शिवारात गेलात की त्याच जातीच्या कागदास सातबारा म्हणतात. जमीन कोणाची, किती, तीत कोणते पीक उभे आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे किंवा नाही, हे सारे त्यावर लिहिलेले असते. तुरीच्या पेरणीसाठी सोसायटीचे कर्ज काढावयाचे असो, की भावाभावांत वाटणी करावयाची असो, या कागदावाचून पाऊल पुढे पडत नाही. पूर्वी हा कागद हाताने लिहिला जाई. आता तो संगणकातून छापून निघतो. हा बदल सुखाचा झाला, असे बहुतेक जण म्हणतात. मीही म्हणते. परंतु मुलांना गणित शिकविण्यात वीस वर्षे घालविल्यामुळे ‘कशावरून?’ असे विचारण्याची खोड मला जडली आहे. यंत्र आल्याने काम सुधारले, हे आपणास नेमके कशावरून कळते?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. संगणकास काम सांगणाऱ्या ज्या आज्ञावल्या असतात, ज्यांना आपण सॉफ्टवेअर म्हणतो, त्या कशा रचाव्यात याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. आणि त्या शास्त्राची एक शाखा केवळ याच प्रश्नाचा पाठपुरावा करते. अमुक रीतीने आज्ञावली लिहिली तर चुका कमी होतात, अमुक साधन वापरले तर वेळ वाचतो, अमुक यंत्रणा बसविली तर लोकांची सोय होते, असे दावे रोज केले जातात. त्यांतील कोणते दावे प्रत्यक्ष मोजमापाला उतरतात, हे ती शाखा पाहते. तिचे काम कसे चालते हे समजावून घेण्यास दूर जावे लागत नाही. आमची पहाणी पुरेशी आहे.

जमिनीचे दप्तर संगणकावर चढविण्याचा कर्नाटकातील पहिला प्रयोग बंगळूरच्या आसपास झाला असेल, असे आपणास वाटेल. तो १९९१ साली आमच्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्यात, केंद्र सरकारच्या पैशाने सुरू झाला. पुढे १९९६ पर्यंत राज्यातील सर्व जिल्ह्यांना तशीच मंजुरी मिळाली. तथापि या योजनेत एक मोठी उणीव राहून गेली. जमिनीच्या नोंदी प्रत्यक्षात बदलतात त्या तालुक्याच्या कचेरीत. कोणी मरण पावले, कोणी जमीन विकली, कोणी वाटणी केली, की फेरफार तेथे होतो. संगणक तालुक्याला देण्याची तरतूद मात्र योजनेत नव्हती. परिणामी यंत्रात शिरलेली माहिती शिळी होत गेली आणि खरे दप्तर कापडात बांधलेलेच राहिले. आज्ञावली निर्दोष होती की सदोष, हा प्रश्नच मग गौण ठरतो. सॉफ्टवेअरची परीक्षा त्याच्या कपाटात घेता येत नाही, ते जेथे वापरावयाचे तेथेच ती घ्यावी लागते, हा या विषयातला पहिला धडा आमच्या जिल्ह्याने पुष्कळ पैसे मोडून शिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर आली ‘भूमी’. राष्ट्रीय सूचना केंद्राने, म्हणजे एन.आय.सी.ने, तिची आज्ञावली तयार केली आणि २००० सालापासून दोन-अडीच वर्षांत राज्यातील तेव्हाच्या १७७ तालुक्यांत तिच्या खिडक्या उघडल्या. सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे सुमारे २ कोटी उतारे तिच्यात भरले गेले. तोपर्यंत हे दप्तर राज्यातील सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या हाती होते. आता १५ रुपये भरून खिडकीतून उतारा मिळू लागला, आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर किंमत संपली. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने निकाली काढावेत, मागचा अर्ज पुढे सरकवू नये, असा नियम आज्ञावलीतच घातला होता. कोणत्या अधिकाऱ्याने कोणती नोंद केली हे पुढे नाकारता येऊ नये म्हणून बोटाच्या ठशाची खूण घेण्याची सोय केली होती. योजना विचारपूर्वक आखलेली होती, यात शंका नाही.

मग तिचे मूल्यमापन झाले. बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने नागरिकांकडूनच सरकारी सेवांचे प्रगतिपुस्तक भरून घेण्याची एक पद्धत बसविली आहे. आम्ही शिक्षक मुलांना गुण देतो, तसे येथे नागरिक कचेरीला देतात. या संस्थेने २००२ च्या सुमारास भूमीच्या खिडक्यांचे असे प्रगतिपुस्तक तयार केले. त्यातील एक आकडा जगभर गाजला: जुन्या पद्धतीत उतारा घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांनी लाच द्यावी लागल्याचे सांगितले होते, भूमीच्या खिडकीवर हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले होते. ज्यांनी त्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांस या दोन आकड्यांमधील अंतराचे मोल निराळे सांगावयास नको.

येथेच थांबावे असा मोह होतो. पण अशा कोणत्याही पाहणीस काही प्रश्न विचारावेच लागतात. ज्यांना विचारले ते कोण? खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसास विचारले, तर जो खिडकीपर्यंत पोचलाच नाही त्याचे म्हणणे आपल्या कानी येत नाही. जुन्या काळाविषयी विचारले, तर स्मृतीवर विसंबावे लागते, आणि त्रासाची स्मृती टिकाऊ असते. दोन काळांची तुलना केली, तर त्या दरम्यान केवळ संगणकच आला की आणखीही काही बदलले? एखादा कडक अधिकारी, वृत्तपत्रांतील बातम्यांचा धाक, नव्या नवलाईची सावधगिरी, या सर्वांचा वाटा आपण यंत्राच्या खात्यावर जमा करीत असू. आता ६६ आणि ३ यांमधील दरी इतकी रुंद आहे की या शंकांनी ती बुजत नाही, असे माझे मत आहे. दरी दहा-पंधरा टक्क्यांची असती, तर मात्र मी इतक्या खात्रीने बोलले नसते.

पाच वर्षांनी, २००७ साली, सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी बंगळूरच्या सभोवतालच्या, शहर जेथे शेतीत घुसत होते त्या प्रदेशात, भूमीचे परिणाम तपासले. त्यांचा निष्कर्ष जवळजवळ उलटा होता. तेथे जमिनीच्या व्यवहारांतील लाचलुचपत घटली नव्हती, वाढली होती. व्यवहारास लागणारा काळही वाढला होता. आणि सारे दप्तर एका ठिकाणी आल्यामुळे मोठ्या खरेदीदारांना जमिनी हेरणे सोपे झाले होते.

मग खरे कोण? मला वाटते, दोन्हीही. एकाने विचारले: पहाणीचा उतारा घेताना तुम्हास त्रास पडला काय? दुसऱ्याने विचारले: जमीन हातची जाताना काय घडले? उतारा काढणे आणि जमिनीचा व्यवहार पार पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वर्षातून एक-दोनदा घडते आणि तिची किंमत तेव्हा १५ रुपये होती. दुसरी जन्मातून एकदा घडते आणि तिच्यावर घर उभे राहते किंवा बुडते. शिवाय एका अभ्यासात राज्यभरातील सामान्य ग्राहक होता, तर दुसऱ्यात राजधानीच्या वेशीवरची, सोन्याच्या भावाची जमीन होती. आळंदच्या काळ्या जमिनीवर ना पहिल्या अभ्यासाचा निष्कर्ष डोळे मिटून लावता येतो, ना दुसऱ्याचा.

मोजण्यापूर्वी काय मोजावयाचे हे ठरवावे, ही गोष्ट सांगण्यास शास्त्रज्ञ कशाला हवा, असे कोणी म्हणेल. पण तो लागला. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे व्हिक्टर बॅसिली यांनी अंतराळ संशोधन संस्था नासाच्या सहकार्याने १९७६ साली एक सॉफ्टवेअर प्रयोगशाळा उभारली आणि ती पंचवीस वर्षे चालली. उपग्रहांसाठी खरोखर लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावल्या हाच तिचा प्रयोगाचा माल होता. तेथील अनुभवातून त्यांनी जी रीत रूढ केली ती अशी: आधी हेतू सांगा, त्या हेतूतून प्रश्न काढा, आणि प्रश्नाचे उत्तर देईल तेवढेच माप घ्या. बहुतेक कचेऱ्यांत (आणि शाळांतही, हे मी कबूल करते) क्रम नेमका उलटा असतो. सोपे म्हणून आधी आकडे गोळा होतात, आणि मग त्या आकड्यांना शोभेल असा हेतू शोधला जातो.

माप घेणाराही निर्दोष नसतो. या बाबतीत आपल्या एका मराठी माणसाचे काम मला फार उद्बोधक वाटते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज काढण्याच्या पद्धतीवर मूलगामी संशोधन केले. शेतातला एक लहानसा तुकडा आखून तेवढेच पीक कापावयाचे, त्याचे वजन करावयाचे आणि त्यावरून साऱ्या शेताचे उत्पन्न काढावयाचे, अशी ती रीत. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून दिसते. कारण अगदी साधे होते. सीमारेषेवर उभे असलेले ताट आत धरावयाचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने काठ अधिक, आणि तितकी चूकही अधिक. येथे कोणी खोटे बोलत नसतो. काठावरचे ताट दिसले की हात वळतो, इतकेच. आज्ञावलीतील दोष मोजतानाही असेच घडते. ही चूक मोठी की किरकोळ, ही नवी की जुन्याच चुकीचे दुसरे रूप, असली काठावरची ताटे तेथे पावलोपावली उभी असतात, आणि स्वतःच्या कामाचे दोष मोजणारा त्यांना बाहेर ढकलतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांविषयी एक समज फार जुना आहे, की उत्तम आज्ञावलीकार सामान्याच्या दहापट, वीसपट, अठ्ठावीसपट काम करतो. या अठ्ठावीसचे मूळ १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. हॅरॉल्ड सॅकमन आणि त्यांचे दोन सहकारी यांना पाहावयाचे होते ते वेगळेच: संगणकापुढे बसून चुका दुरुस्त करणे बरे, की काम देऊन निकालाची वाट पाहणे बरे. त्यांनी १२ अनुभवी आज्ञावलीकार घेतले. दोन पद्धतींतील फरकापेक्षा माणसामाणसांतील फरकच डोळ्यांत भरण्याजोगा निघाला. एका कामात सर्वांत मंद आणि सर्वांत जलद यांच्या वेळेचे प्रमाण २८ास १ असे भरले. हा आकडा इतका चमकदार होता की पुढे तो पुस्तकामागून पुस्तकात उतरला. वेगवेगळ्या पद्धतीने आणि वेगवेगळ्या संगणकीय भाषांत काम केलेली माणसे या तुलनेत एकत्र आली आहेत, हे दाखवून देण्यास १९८१ साल उजाडावे लागले. माणसामाणसांत फरक असतो, तो मोठाही असतो, हे कोणी नाकारीत नाही. पण १२ माणसांतील पहिला आणि शेवटचा घेऊन साऱ्या व्यवसायाचे प्रमाण सांगणे म्हणजे एका वर्गातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका मुलगा शेजारी उभे करून जिल्ह्याची उंची सांगण्यासारखे आहे.

माझ्या आवडीचा प्रयोग मात्र दुसरा आहे, आणि तो प्रत्येक परीक्षकाने मनाशी धरावा असा आहे. विमान, अणुभट्टी अशा जोखमीच्या ठिकाणी एकच आज्ञावली न ठेवता, वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या तीन ठेवाव्यात आणि बहुमताने उत्तर घ्यावे, अशी एक कल्पना होती. तिघेही एकाच ठिकाणी चुकण्याचा संभव अत्यल्प, असा तिचा आधार. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी हा आधारच तपासावयाचे ठरविले. दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून त्यांनी एकाच कामाच्या २७ आज्ञावल्या स्वतंत्रपणे लिहवून घेतल्या आणि प्रत्येकीस दहा लाख वेळा तपासले. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चुकण्याचे प्रसंग, त्या स्वतंत्रपणे चुकत असत्या तर जितके आले असते, त्यापेक्षा पुष्कळच अधिक होते. श्रोतेहो, आम्हा शिक्षकांस याचे आश्चर्य वाटत नाही. एकमेकांपासून दूर बसविलेली मुलेही त्याच एका उदाहरणात तीच एक चूक करतात, कारण अवघड जागा सर्वांनाच अवघड असते. आम्हास हे ठाऊक होते, पण ते मोजून मांडण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

आता थोडे घरचे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेने गुणपत्रके तयार करणारी एक आज्ञावली एका विक्रेत्याकडून घेतली. निम्मा वेळ वाचेल, असे त्याने सांगितले होते. पहिल्याच सहामाहीत सातवीच्या एका मुलीच्या गुणपत्रकात गणितात ११ गुण आले. ती वर्गात पहिली येणारी मुलगी होती. तिचे वडील रोजंदारीवर जातात. त्यांनी कागद पाहिला आणि पोरीचे शिक्षणातले लक्ष उडाले असे समजून तिला मावशीकडे कामास धाडण्याची बोलणी केली. मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी घरी गेले तेव्हा हे कळले. झाले होते ते एवढेच, की गुण भरताना मधली एक ओळ सुटली होती आणि तिच्याखालच्या सर्व मुलांना एकमेकांचे गुण लागले होते. मुलगी परत आली. पण ज्यांच्या घरी मी गेले नाही, अशा घरांतून त्या आठवड्यात काय बोलले गेले असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, यंत्र फेकून द्या. दुसऱ्याचे म्हणणे, चूक यंत्राची नाही, भरणाऱ्याची. मी म्हटले, आपण मोजून पाहू. पुढच्या परीक्षेस चिठ्ठ्या टाकून ठरविले की कोणत्या वर्गाचे तक्ते हाताने व्हावयाचे आणि कोणत्यांचे यंत्रावर. चिठ्ठ्या अशासाठी, की नाही तर यंत्रावर विश्वास असणाऱ्या तरुण शिक्षकांनी आपापले वर्ग यंत्रावर घेतले असते, आणि मग आपण यंत्राची परीक्षा घेतो आहोत की तारुण्याची, हे कळले नसते. तपासणाऱ्यास कोणता तक्ता कसा झाला हे कळू नये म्हणून हाताचे तक्तेही छापून घेतले.

वेळ निम्मा वाचला नाही, पण थोडा वाचला खरा. चुकांची गोष्ट अधिक शिकविणारी ठरली. हाताच्या तक्त्यांत चुकांच्या जागा अधिक होत्या, परंतु प्रत्येक चूक एकेका मुलाला लागली होती. यंत्रावर चुकीची जागा एकच सापडली, आणि ती अर्ध्या वर्गाला लागली. आता चुका मोजावयाच्या, की चुकीने पोळलेली मुले मोजावयाची? चुका मोजल्या तर यंत्र जिंकते. मुले मोजली तर हात जिंकतो. बॅसिलींनी हेतू आधी ठरविण्याचा आग्रह का धरला, ते मला त्या संध्याकाळी समजले. आमची परीक्षा फार लहान होती, आणि आपणास कोणी तपासणार आहे हे ठाऊक असल्याने सर्वांनीच नेहमीपेक्षा जपून काम केले असणार, हेही उघड आहे. तरीही एक निर्णय आम्हास घेता आला: यंत्र ठेवावयाचे, पण छापण्यापूर्वी दर पाचवे नाव मूळ उत्तरपत्रिकेशी ताडून पाहावयाचे. ओळ घसरली असेल तर ती या चाळणीतून बहुधा सुटत नाही. मात्र यात वाचलेल्या वेळेपैकी बराचसा परत जातो.

वेळ आणि निर्दोषपणा यांचा हा सौदा मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आय.बी.एम.च्या एका गटाने आज्ञावली लिहिण्याआधी तिची चाचणी लिहावी, ही रीत अवलंबिली, त्याचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. तशाच, पण ती रीत न वापरणाऱ्या गटांच्या मानाने दोषांचे प्रमाण ४० ते ९० टक्क्यांनी घटले, आणि आरंभीचा वेळ १५ ते ३५ टक्क्यांनी वाढला. यातील वेळेचा आकडा मात्र व्यवस्थापकांचा अंदाज होता, घड्याळ लावून घेतलेले माप नव्हे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

फार चांगल्या आकड्यांपासूनही सावध असावे. मटाराच्या झाडांची वर्षानुवर्षे मोजदाद करून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल या मठवासी धर्मगुरूचे आकडे नियमाशी वाजवीपेक्षा अधिक जुळतात, असे रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली दाखविले. मेंडेलचे नियम खरे ठरले; आकड्यांविषयीचा वाद मात्र पुढे कैक वर्षे चालला. दहावीच्या मुलांनी प्रयोगवहीत अगदी पुस्तकाबरहुकूम उत्तर लिहिले की मला या गोष्टीची आठवण होते, आणि मी त्यांना प्रयोग पुन्हा करावयास लावते.

यंदा याच दहावीच्या मुलांनी एक काम हाती घेतले आहे. पहाणी घेण्यासाठी रांगेत उभे राहिल्यापासून कागद हाती पडेपर्यंत किती मिनिटे लागतात, हे ते घड्याळ लावून टिपणार आहेत. बाजाराच्या दिवसांच्या आणि इतर दिवसांच्या निरनिराळ्या चिठ्ठ्या टाकून त्यांतून दिवस काढले आहेत. तक्ता आखून झाला तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “बाई, जो कंटाळून रांग सोडून गेला, त्याची मिनिटे कुठे लिहायची?” आमच्या तक्त्यात त्यास जागा नव्हती. आता त्याच्यासाठी एक निराळा रकाना आखला आहे, आणि अशा माणसास शक्य तर थांबवून तो का परतला हे विचारावे, असे ठरले आहे.